चावडीवरचं टेस्टिंग

आमच्या धंद्यात 'युएटी' नावाचा एक प्रकार असतो. युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग. सॉफ्टवेअर लिहून झालं, आमच्या टेस्टर मंडळींनी ते उलटंपालटं करून पाहिलं, की शेवटी ज्याला ते वापरायचंय त्याच्यापुढे ठेवायचं आणि विचारायचं, "बघा बुवा, हेच पाहिजे होतं ना?" कागदावर फार सुंदर कल्पना आहे. प्रत्यक्षात ग्राहकाकडचा एक साहेब मीटिंगला येतो, चहा घेतो, दोन-चार स्क्रीन बघतो, "ठीक वाटतंय" म्हणतो आणि सही करतो. मग खरी परीक्षा सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर होते, तीही रात्री अडीच वाजता.

मी पुण्यात या धंद्यात बरीच वर्षं काढली. मोठमोठ्या कंपन्यांचे युएटी पाहिले. पण कोणी मला विचारलं की खरंखुरं युएटी कुठे झालेलं माहीत आहे, तर मी सांगेन की आमच्या बीड जिल्ह्यात, २०१७ च्या उन्हाळ्यात, चावडीवर. आणि त्याला तिथे कोणी युएटी म्हणत नव्हतं. त्याचं सरकारी नाव होतं 'चावडी वाचन'.

तेव्हा महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आणि चव्वेचाळीस हजारांवर गावं असा पसारा होता. एवढ्या नोंदी कॉम्प्युटरवर टाईप झाल्या होत्या आणि त्या बरोबर आहेत का, हे बघायला सरकारने शेवटी काय केलं, तर गावोगाव त्या मोठ्याने वाचायला लावल्या. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं, म्हणून तिची जरा मागची-पुढची कथा लिहून ठेवतोय.

शहरात वाढलेल्या आमच्या पुतण्या-भाच्यांसाठी आधी सातबारा म्हणजे काय ते सांगतो. महसूल खात्याचे ठराविक नंबरांचे 'गाव नमुने' असतात. त्यातला नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तिच्यावर कोणाचा काय बोजा किंवा हक्क आहे. नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत कोणतं पीक आहे. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून सातबारा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची सगळी जमीन एकत्र. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार. खरेदी झाली, कोणी वारलं, वाटणी झाली, की आधी सहात नोंद होते आणि ती मंजूर झाली की सातवर चढते.

या फेरफाराची पद्धत नीट पाहिली तर आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी टोपी काढावी अशी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून. तिच्या कलम १५० प्रमाणे तलाठी नोंद लिहितो, पण ती मंजूर करायचा अधिकार त्याला नाही. नोंदीची प्रत त्याने चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली तर तिची वेगळी नोंदवही. नाही आली तर मंडळ अधिकारी तपासून नोंद प्रमाणित करतो. म्हणजे लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि मध्ये पंधरा दिवस अख्खं गाव बघायला मोकळं. बँकवाले ज्याला मेकर-चेकर म्हणतात आणि आम्ही ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतो, ते हेच.

गंमत म्हणजे याच काळात तिकडे जगात सॉफ्टवेअरवाल्यांचं डोकं चालेनासं झालं होतं. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली. विषय हाच, की सॉफ्टवेअर वेळेवर होत नाही, बजेटात बसत नाही आणि झालं तरी भरवशाचं नसतं, तर करायचं काय. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द तिथून रूढ झाला. १९७० मध्ये विन्स्टन रॉइसने पायऱ्या-पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती छापली, जिला पुढे 'वॉटरफॉल' नाव पडलं. ही आकृती जशीच्या तशी वापरणं धोक्याचं आहे, हे त्याच लेखात त्याने म्हटलं होतं. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. १९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्सने टेस्टिंगवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या दोन गोष्टी मी आजही नव्या पोरांना सांगतो. एक, टेस्टिंग हे प्रोग्राम चालतो हे दाखवण्यासाठी नसतं, चूक शोधण्यासाठी असतं. दुसरी, ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने स्वतः तो तपासू नये. १९८१ मध्ये बॅरी बोहमने हिशोब मांडला की चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती दुरुस्त करायला महाग पडते.

यातलं काही आमच्या तलाठ्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासू नये हे महसूल खात्याला आधीच कळलेलं होतं. जमिनीवरून डोकी फुटतात ना, त्यामुळे.

आता आमच्या मराठवाड्याची वेगळी कथा. पुणे-साताऱ्याच्या लोकांना हे पटकन लक्षात येत नाही, पण आमच्याकडच्या जमिनीच्या नोंदी मुळात दुसऱ्याच राज्याच्या. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तिथला जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. सरकारी भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. जुन्या वादात आजही वकील १९५४-५५ चं खासरा पत्रक मागतात. जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत, आणि दोन्ही वाचणारी माणसं शोधून आणावी लागतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर या नोंदींचं तीनदा 'डेटा मायग्रेशन' झालं. एकदा उर्दू-मोडीतून मराठीत. एकदा एकर-गुंठ्यातून हेक्टर-आरमध्ये. (गावात अजून कोणी हेक्टर बोलत नाही. "तीन एकर दहा गुंठे" असंच. कागदावर मात्र १ हेक्टर ३१-३२ आर.) आणि तिसऱ्यांदा कागदावरून कॉम्प्युटरवर. ज्याने आयुष्यात एकदा तरी डेटा मायग्रेशन केलंय त्याला ठाऊक आहे, दर खेपेला काहीतरी सांडतं.

कॉम्प्युटरची सुरुवात केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये केली. देशातले आठ जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. नंतर योजना इतर जिल्ह्यांत पसरली. आमच्याकडे तहसील कचेरीत कॉम्प्युटर आले, ऑपरेटर बसले आणि टायपिंग सुरू झालं. त्याच सुमारास आमच्या पिढीचीही कॉम्प्युटरशी ओळख होत होती. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आला आणि तालुक्याच्या गावी, किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आठ-दहा मशीनचे क्लास निघाले. अंबाजोगाईच्या नाहीतर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) कॉलेजातून इंजिनिअर झालेली पोरं पुण्याला आली. ज्यांना कोडिंगची नोकरी मिळाली नाही त्यांना टेस्टिंगची मिळाली. तेव्हा टेस्टिंगला जरा कमी समजायचे. "डेव्हलपमेंट नाही का मिळालं?" असं विचारायचे. असो.

तर टायपिंग. वर्षानुवर्षं चाललं. अडचण अशी झाली की हस्तलिखित सातबारा बंद झाला नव्हता आणि कॉम्प्युटरचा सुरू झाला होता. तलाठ्याच्या दप्तरात एक, तहसीलच्या मशीनमध्ये दुसरा. नवीन फेरफार वहीत चढायचा, मशीनमध्ये चढेलच याची खात्री नाही. एकाच शेताची दोन खरी माहितीपत्रं, आणि दोन्ही 'खरी' म्हणजे दोन्ही संशयित. आम्ही ग्राहकाला पहिल्या दिवशी विचारतो, की तुमच्याकडे अंतिम खरी प्रत कोणती? उत्तर आलं नाही तर पुढचं सगळं काम वाळूवर.

२००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख कार्यक्रमानंतर ऑनलाइन फेरफाराची म्हणजे 'ई-फेरफार'ची तयारी झाली. सॉफ्टवेअर एनआयसीचं, कारभार पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांचा. ऑनलाइन जायचं तर आधी जुना डेटा शुद्ध पाहिजे. म्हणून आधी 'एडिट' आणि मग 'री-एडिट' असे दोन दुरुस्तीचे टप्पे ठेवले. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा शेजारी ठेवून तलाठ्याने ओळीन् ओळ जुळवायची. दिवसभर गावकी, पंचनामे, वसुली, आणि रात्री हे. सर्व्हर दिवसा चालायचा नाही म्हणून रात्री उशिरा किंवा पहाटे उठून काम करणारे तलाठी मी पाहिलेत. त्यांच्यावर विनोद पुष्कळ झाले, पण मायग्रेशनच्या कामात सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग त्यांनीच केला.

एवढं करूनही प्रश्न उरतोच. तलाठ्याने कागदाशी जुळवलं, पण कागदच फाटका असेल तर? त्याने दहा हजार ओळी पाहिल्या, त्यातली एक डोळ्याखालून निसटली तर? म्हणून २०१७ चं चावडी वाचन. दवंडी द्यायची, गाव जमवायचं, संगणकीय सातबारे वाचून दाखवायचे, आणि ज्याला चूक दिसेल त्याने तिथेच सांगायचं.

आमच्या गावातलं वाचन मारुतीच्या पारावर झालं. मी तिथे नव्हतो, पण घरातल्या तिघाचौघांकडून वेगवेगळं ऐकलंय आणि मुख्य भागावर सगळ्यांचं एकमत आहे. सकाळची वेळ, ऊन चढायच्या आत. गट नंबर, नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क. कोणाच्या नावात 'बापूराव'चं 'बाबूराव' झालेलं, कोणाच्या वडिलांचं नाव आजोबांच्या जागी. लोक हसत होते, सांगत होते, तलाठी खुणा करत होता. मग आमचा गट आला. आजोबा गेल्यावर वारस म्हणून आजी, वडील, काका आणि आत्या अशी चार नावं लागलेली होती. वाचली गेली तीन.

वडील आणि काका दोघंही पारावरच बसले होते. तलाठी पुढच्या गटावर गेलासुद्धा. तेवढ्यात शेजारच्या वाड्यातली एक म्हातारी, जी निव्वळ काय चाललंय ते बघायला आली होती, ती म्हणाली, "आरं, लेकीचं नाव कुठं गेलं? तिचं बी व्हतं की."

तलाठ्याने मागे जाऊन जुनी वही उघडली. चौथं नाव पानाच्या अगदी तळाला होतं, कागद जिथे दुमडून झिजला होता तिथे. टाईप करणाऱ्याला दिसलं नसणार. दुरुस्ती झाली. री-एडिट चालू होतं, त्यामुळे काम सोपं होतं.

हे नाव तसंच राहून गेलं असतं तर काय झालं असतं, ते कायद्यातच लिहिलंय. कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. म्हणजे ऑनलाइन सातबारा एकदा चालू झाला की गळलेलं नाव हीच 'खरी' नोंद. पुढे दुरुस्ती हवी तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, जुन्या नकला, नोटिसा, सुनावणी. आमची आत्या वर्षातले पाच-सहा महिने नवऱ्याबरोबर ऊसतोडीला असते, कधी कोल्हापूरकडे तर कधी कर्नाटकात. तारखा कोणी करायच्या? पारावर पाच मिनिटांत झालेलं काम पुढे दोन-तीन वर्षांचं झालं असतं. बोहमचा सगळा हिशोब एका नावात आला.

मी वडिलांना नंतर विचारलं, तुमच्या लक्षात आलं नव्हतं का? ते म्हणाले, "गडबडीत ऐकू नाही आलं." असेलही. पारावर गोंगाट असतो. पण मला यातून टेस्टिंगचा जो धडा मिळाला तो मायर्सच्या पुस्तकाच्याही एक पाऊल पुढचा आहे. ज्याने लिहिलं त्याने तपासू नये, हे झालंच. पण ज्याचा चुकीत फायदा आहे त्याच्या तपासणीवरही विसंबू नये. सातबाऱ्यावर एक नाव कमी म्हणजे बाकीच्यांचा वाटा जास्त. त्या पारावर ज्यांचा संबंध होता ते गप्प होते आणि जिचा काही संबंध नव्हता ती बोलली. आत्या स्वतः तर तिच्या सासरी होती, तिला दवंडी ऐकू येणंच शक्य नव्हतं. लग्न झालेल्या मुलीचं नाव एका गावच्या कागदावर आणि ती दुसऱ्या गावात, ही या व्यवस्थेतली जुनीच फट आहे. सॉफ्टवेअरने ती केली नाही आणि बुजवलीही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे वाचन उन्हाळ्यात झालं. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा अर्थ वेगळा आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांच्या गाड्या येतात आणि आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज असल्या तालुक्यांतली माणसं कोयते घेऊन बाहेर पडतात. गावात म्हातारी माणसं आणि काही पोरं उरतात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. हेच वाचन डिसेंबरात झालं असतं तर पारावर कोण असतं? टेस्टिंगचा दिवस कसा ठरवायचा याचं कोणतंही पुस्तक हे सांगत नाही. ज्याला तपासायचंय तो घरी कधी असतो ते बघा, एवढंच.

सगळीकडे वाचन इतकं नीट झालं असं मी म्हणत नाही. काही नातेवाइकांच्या गावात चार माणसं जमली, अर्ध्या तासात उरकलं आणि सह्या झाल्या, असंही ऐकलंय. म्हणजे आमच्या कॉर्पोरेट युएटीसारखंच. :)

१ मे २०१८ ला डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले. तलाठ्याला शोधत फिरायची गरज राहिली नाही, पंधरा रुपयांत घरबसल्या कागद. आणि इथून पुढे गाडी आली सर्व्हरवर.

क्लाउडचा इतिहास फार जुना नाही. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची सेवा काढली आणि ऑगस्टमध्ये भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईला आपली केंद्रं उघडली, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. सातबाऱ्याची व्यवस्थाही पुढे क्लाउडवर गेली.

काकूने एकदा विचारलं, क्लाउड म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, लग्नाचा मांडव. घरात एक लग्न निघालं म्हणून आपण पाचशे माणसांचा हॉल बांधत नाही. मांडववाल्याला सांगतो, दोन दिवस वापरतो, पैसे देतो, तो घेऊन जातो. परळीला महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग किती असते ते सगळ्यांना माहीत आहे. तेवढीच व्यवस्था वर्षभर ठेवली तर देवस्थानाचं दिवाळं निघेल, आणि साध्या सोमवारची व्यवस्था महाशिवरात्रीला ठेवली तर चेंगराचेंगरी. जास्त लागेल तेव्हा जास्त घ्यायचं आणि नको तेव्हा सोडून द्यायचं, हे क्लाउडचं मर्म.

सरकारी कामाची गर्दी अगदी महाशिवरात्रीसारखी असते. जुलै २०१७ च्या अखेरीस पीक विम्याचे अर्ज भरताना मराठवाड्यात काय हाल झाले ते आठवतंय का? ऑनलाइन केंद्रांवर सर्व्हर चालेना, बँकांपुढे रांगा, लोक चपला रांगेत ठेवून सावलीत बसलेले. शेवटी ३१ जुलैची मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. आम्ही ज्याला 'लोड टेस्टिंग' म्हणतो, म्हणजे मुद्दाम खोटी गर्दी करून यंत्रणा कुठे मोडते ते आधीच बघणं, ते न करता खरी गर्दी अंगावर घेतली की असं होतं. पाऊस उशिरा आला की पेरणी उशिरा, पेरणी उशिरा की अर्ज शेवटच्या आठवड्यात. हे गणित कोणत्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं.

पण क्लाउडने एक गोष्ट होत नाही. सातबारा आला लवकर, पण त्यावरचं नाव चुकीचं असेल तर चुकीचं नावच लवकर येतं. पूर्वी चूक एका दप्तरात पडून राहायची. आता एका नोंदीवर पीक कर्ज, विमा, अनुदान, सगळं लोंबकळतं. पीएम-किसानला तर अटच अशी घातली की १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या नोंदीत नाव पाहिजे.

१५ ऑगस्ट २०२१ ला 'ई-पीक पाहणी' राज्यभर आली. टाटा ट्रस्टच्या मदतीने ॲप तयार झालं आणि नमुना बारा भरायचं काम तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. पहिल्या वर्षी रेंज नाही, ॲप अडकतंय, चुकून सोयाबीनच्या जागी कापूस पडला तर बदलता येत नाही, अशा तक्रारी झाल्या. २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्याला ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येऊ लागली आणि त्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने फक्त १० टक्के तपासायची असं ठरलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी एका बर्फाळ डोंगरावरच्या हॉटेलात बसून जो 'अजाईल' जाहीरनामा काढला, त्याचा मथितार्थ एवढाच होता, की थोडं करून लोकांच्या हातात द्या, ते काय म्हणतात ऐका, सुधारा, पुन्हा द्या. सरकारी सॉफ्टवेअरने एका वर्षात दुसरी आवृत्ती काढणं ही मला तेव्हा फार मोठी गोष्ट वाटली होती. पण रब्बीत ज्वारी-हरभरा उभा असतो तेव्हा आमची माणसं उसाच्या फडात असतात. शेतात उभं राहून फोटो कोण काढणार? ॲपने ऊसतोडीचं वेळापत्रक पाहिलेलं नव्हतं.

आणि २०२३ च्या खरिपापासून आलेली एक रुपयातली पीक विमा योजना. त्यात बोगस अर्जांचा बोभाटा झाला आणि आमच्या जिल्ह्याचं नाव त्यात वर होतं, हे सांगताना बरं वाटत नाही. जी जमीन आपली नाही, जी सरकारी आहे, तिच्यावरही विमे काढल्याचं बाहेर आलं. २०२५ मध्ये ती योजना त्या रूपात बंद झाली. टेस्टरच्या नजरेने पाहिलं तर यातला प्रश्न साधा आहे. खऱ्या माणसाला अर्ज भरता येतो का, हे सगळेच तपासतात. खोट्या माणसाला भरता येत नाही ना, हे कोण तपासतं? आम्ही त्याला 'निगेटिव्ह टेस्टिंग' म्हणतो आणि वेळ कमी पडला की सगळ्यात आधी तेच कापलं जातं.

तर एवढं सगळं झाल्यावर एप्रिल २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. सातबाऱ्यावर पडून राहिलेली मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावायची. त्याची पहिली पायरी काय होती? १ ते ५ एप्रिल, गावोगाव चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी करणं. तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये 'ग्राम महसूल अधिकारी' झालं होतं, सातबारा क्लाउडवर गेला होता, सही डिजिटल झाली होती. पण कोण गेलं आणि मागे कोण कोण आहे, हे विचारायला पुन्हा पारावरच यावं लागलं. मला ते वाचून बरं वाटलं. ही माहिती कोणत्याच सर्व्हरवर नाही. ती गावाला माहीत आहे, आणि गावातही सगळ्यात जास्त म्हाताऱ्या बायांना.

मी नवीन प्रोजेक्ट घेतो तेव्हा ग्राहकाला आता तीन प्रश्न विचारतो. तुमच्या माहितीत चूक आहे हे सगळ्यात आधी कोणाला कळेल? तो माणूस तपासणीच्या दिवशी खोलीत असेल का? आणि चूक सांगण्यात त्याचं काही नुकसान तर नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. तिसऱ्याला लोक जरा गप्प होतात. बँकेच्या प्रोजेक्टमध्येही होतात आणि कारखान्याच्या प्रोजेक्टमध्येही. टूल्स कुठली वापरायची, ऑटोमेशन किती करायचं, क्लाउड कोणता, हे नंतरचं. ते सगळं पैसे टाकून मिळतं.

आणि आता जे नातेवाईक इथपर्यंत वाचत आलेत त्यांना एक काम. महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ फुकट बघता येतो, फक्त सहीचा हवा तर पैसे. आज संध्याकाळी उघडून बघा. क्षेत्र बघा, इतर हक्क बघा. आजोबा-पणजोबांची नावं अजून तशीच असतील तर वारस नोंदीचा अर्ज करा. आणि बहिणींची, आत्यांची नावं मोजा. ज्यांनी राजीखुशीने, कायदेशीर कागद करून हक्क सोडलाय त्यांचं वेगळं. पण कागदाच्या घडीत एखादं नाव गेलं असेल तर ते तुम्हीच सांगा. प्रत्येक पारावर शेजारची म्हातारी बसलेली असेलच असं नाही.